थंडीत कोंबडी आजारी पडली तर: आधी ऊब, मग पाणी, औषध त्यानंतर

गुहागरजवळच्या एका वाडीतून एका ताईंनी विचारलं आहे: "आमची दोन वर्षांची गावठी कोंबडी आहे, कवडी नावाची. परवापासून खुराड्याच्या कोपऱ्यात पिसं फुगवून, डोळे मिटून बसून असते. दाण्याला चोच लावत नाही. शीट हिरवट, पातळ आहे. बाकीच्या चार कोंबड्या चांगल्या आहेत. थंडी बाधली असेल का? शेजारी म्हणतात, चमचाभर दारू पाज, नाहीतर मरायच्या आत काप. पण माझ्या मुलीने तिला पिल्लू असल्यापासून वाढवलंय."

ताई, कापू नका आणि दारूही पाजू नका. कवडीला नेमकं काय झालंय ते शोधायला उद्याचा दिवस आहे. आजची रात्र तिला उबेत काढू द्या. मी जवळजवळ तीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून काम करतोय. पौष-माघात ज्या कोंबड्या हाताशी येऊन गेल्या, त्यातल्या कित्येक मूळ आजाराने मेल्या नाहीत. आजाराने खाणं सुटलं, खाणं सुटल्यावर अंग गार पडलं आणि त्या गारठ्याने त्या गेल्या. मूळ दुखणं बरं होण्यासारखं होतं.

आपल्याकडे कसली थंडी, असं आपणच म्हणतो. पाणी गोठत नाही, बर्फ पडत नाही. पण किनाऱ्यावर दुपारी ३२ अंश आणि पहाटे १५-१६, दापोलीसारख्या उंचावरच्या भागात त्याहूनही कमी, असा रोजचा चढउतार असतो. त्यात दव पडून कौलं ठिबकतात, गवत भिजतं. आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा. सकाळचं ऊन मिळावं म्हणून आपण खुराड्याचं तोंड पूर्वेला ठेवतो, आणि मतलई नेमका त्याच बाजूने आत शिरतो. धडधाकट कोंबडी दांडीवर बसून, पाय पोटाखाली घेऊन, मान पंखात खुपसून ही पहाट निभावते. आजारी कोंबडी दांडीवर चढत नाही. ती खाली ओल्या जमिनीवर बसते आणि अर्ध्या रात्रीत गारठते.

आता पहिली गोष्ट करा. तिला मांडीवर घ्या, पंख थोडा उचला आणि बोटं पंखाखाली अंगाला टेकवा. निरोगी कोंबडीचं अंग ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. माणसाला एवढा ताप असता तर आपण रात्रीच दवाखाना गाठला असता. त्यामुळे पंखाखाली हात चांगला गरम लागलाच पाहिजे. लोक मला सांगतात, "डॉक्टर, हिचं अंग तापलंय", आणि तपासावं तर ती अगदी ठीक असते. उलट "अंग बरं आहे, ताप नाही" म्हणून जी आणतात, तिचं अंग आपल्या तळहाताइतकंच कोमट असतं. ती गारठलेली असते. पायांवरून अंदाज करू नका, चांगल्या कोंबडीचेही पाय थंडीत गार लागतात.

ऊब देण्यासाठी खास काही आणावं लागत नाही. घरात आंब्याची जुनी लाकडी पेटी असेलच. तिला तिन्ही बाजूंनी गोणपाट गुंडाळा, वरून निम्मं झाका, तळाला वर्तमानपत्र आणि त्यावर जुनं सुती कापड घाला. पेंढा घालणार असाल तर आधी नाकाला लावून बघा. पावसाळ्यात दमटलेल्या पेंढ्याला कुबट वास येतो, त्यात बुरशी असते. ती श्वासातून आत गेली की फुफ्फुसात घर करते, आणि मग तिच्यावर उपाय जवळजवळ नसतो. शंका आली तर पेंढा नकोच. पेटी स्वयंपाकघराजवळच्या खोलीत ठेवा, पण चुलीच्या धुरात नको. पक्ष्याची श्वसनसंस्था आपल्यापेक्षा फार नाजूक असते.

शेक फक्त एका बाजूला द्या, म्हणजे जास्त झाला तर ती सरकून दुसरीकडे बसेल. प्लॅस्टिकच्या जाड बाटलीत गरम पाणी भरा, बूच घट्ट लावा, पंच्यात गुंडाळा आणि तिच्या कुशीला लावून ठेवा. तीन-चार तासांनी पाणी बदलायचं. आमच्या आजीच्या काळी चुलीत तापवलेली वीट गोणपाटात गुंडाळून ठेवत, तीही उत्तम. वीट असो की बाटली, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. आपल्याला सहन होत नाही ते तिच्या पोटाला लावायचं नाही. बल्ब लावायचा तर पिवळ्या प्रकाशाचा जुना ६० वॅटचा बल्ब हवा. एलईडीचा उजेड पडतो, ऊब नाही. मागच्या काही वर्षांत मला किती घरांत एलईडीखाली कुडकुडणारी पिल्लं दिसली, सांगता येत नाही. बल्ब तिच्या पाठीपासून हात-दीड हात वर, तारेने पक्का बांधलेला. नुसत्या वायरवर लोंबता ठेवू नका. पेटीत कापड आणि कागद आहे, तो पडला तर आग लागेल. निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत कधीच नाही, त्याचा वायू कोंबडीला मारेल आणि घरातल्या माणसांनाही.

पेटीतली हवा २७ ते ३० अंशांच्या आसपास राहिली की पुरे. थर्मामीटर नसेल तर कोंबडीकडेच बघा. ती चोच उघडून धापा टाकू लागली, पंख अंगापासून लांब धरू लागली, तर उकडतंय. फुगवलेली पिसं हळूहळू अंगाला चिकटू लागली, डोळे उघडले, मान वळवून आवाजाकडे बघू लागली, की तिच्यापुरती ऊब मिळाली. याला एक-दोन तास लागतात.

आता दारूचं सांगतो, कारण हा सल्ला प्रत्येक वाडीत मिळतो. दारूने अंगात गरमी आल्यासारखं वाटतं ते कातडीजवळच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात म्हणून. आतली उष्णता बाहेर येते आणि उडून जाते. जिच्या अंगात मुळात उष्णता उरलेली नाही, तिची राहिलेलीही घालवायची, असा तो प्रकार आहे. वर कच्चा कांदाही ठेचून घालतात. जास्त कांदा पोटात गेला तर पक्ष्याच्या तांबड्या पेशी फुटतात. लसणाची एखादी पाकळी बाधत नाही, पण तिने रोगही जात नाही.

अंग गरम झाल्यावर पाणी. हा क्रम मी फार मोठी किंमत देऊन शिकलो. नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात एक मावशी पदरात गुंडाळून कोंबडी घेऊन आल्या होत्या. कोंबडी थंडगार, मान टाकलेली. मी औषध सिरिंजमध्ये भरलं, चोच उघडली आणि सरळ घशात सोडलं. तिने एक झटका दिला, नाकपुड्यांतून बुडबुडे आले आणि मिनिटभरात ती माझ्या हातातच गेली. औषध बरोबर होतं. मी ते श्वासनलिकेत ओतलं होतं. त्या मावशी काही बोलल्या नाहीत, पदर झटकून निघून गेल्या. त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

तुमच्या एखाद्या चांगल्या कोंबडीची चोच उजेडात अलगद उघडून बघा. जिभेच्या मुळाशी, अगदी मध्यावर, एक उभी फट दिसेल, श्वासागणिक उघडझाप करणारी. तीच श्वासनलिका. माणसासारखी तिच्यावर पडझाकण नसतं. म्हणून घशात काही ओतायचं नाही. ड्रॉपरने किंवा बोटाने कोमट पाण्याचा एक थेंब चोचीच्या कडेला, वरची आणि खालची चोच मिळते त्या रेषेवर टेकवायचा. थेंब आत ओढला जातो. ती जीभ हलवते, मान उंच करते, गिळते. गिळलेलं दिसलं की दुसरा थेंब. दहा-बारा थेंब झाले की थांबा, दहा मिनिटांनी पुन्हा. तासाभरात बहुतेक कोंबड्या वाटीत स्वतः चोच बुडवतात. मान टाकलेली असेल, गिळत नसेल, तर थेंबही देऊ नका. ऊब चालू ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या.

पाण्यात काय? एक लीटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लहान मुलांना जुलाबात देतो तेच. एक दिवस हे द्या, दुसऱ्या दिवसापासून साधं कोमट पाणी. चांगली कोंबडी दिवसाला पाव लीटरच्या आसपास पाणी पिते, यावरून किती कमी पडतंय त्याचा अंदाज येईल.

दाणा सर्वांत शेवटी. अंग गार असताना पोटाची हालचाल मंदावलेली असते. अशा वेळी प्रेमाने भरवलेला भात गळ्यातल्या पिशवीत तसाच पडून आंबतो. ती उबेत आली, पाणी प्यायली, की मऊ भात आणि उकडलेल्या अंड्याचं पिवळं बलक कुस्करून, चमचा-चमचा, दिवसातून पाच-सहा वेळा ठेवा. अंडं कोंबडीला कसं द्यायचं, असं वाटेल, पण शिजवलेलं अंडं तिच्यासाठी उत्तम अन्न आहे. नाचणीची पातळ पेजही चालते. दुधात भिजवलेली पोळी नको, दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही. सुकटीची डोकी तर या दिवसांत अजिबात नकोत. आपण हौसेने घालतो, पण त्यातल्या मिठाने पातळ शीट होते आणि अंगातलं पाणी आणखी जातं.

उद्या सकाळी, काही खायला घालायच्या आधी, तीन गोष्टी पाहायच्या आहेत.

पहिली ती पिशवी. छातीच्या वर, तिच्या उजव्या अंगाला हात लावा. रात्रभरात ती रिकामी होऊन सपाट लागायला हवी. दगडासारखी घट्ट लागली तर पेंढा, लांब गवत किंवा दोरा अडकलाय. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी मऊ लागली आणि चोचीला आंबूस वास आला, तर आत यीस्ट वाढलंय. या दोन्हींत खाणं बंद ठेवून डॉक्टरांना दाखवायचं. कोंबडीला उलटी धरून पिशवी पिळण्याचा प्रकार करू नका, त्यात ती गुदमरते.

दुसरी शीट. तुम्ही लिहिलंय, हिरवट आहे. हिरवी शीट म्हणजे मानमोडीच, म्हणजे कोंबड्यांचा जीवघेणा साथीचा रोग, असं समजून लोक घाबरतात. पण दोन दिवस काही न खाल्लेल्या कुठल्याही कोंबडीची शीट पित्तामुळे हिरवी होते. पोटात काही नाही, एवढंच त्यावरून कळतं. रक्त किंवा तांबूस शेंबूड दिसला तर मात्र रक्ती हगवण, जी ओल्या तुसावर वाढणाऱ्या पिल्लांत जास्त येते. त्यावर चांगलं औषध आहे, पण ते लवकर सुरू करावं लागतं. आणि आठ-दहा शिटांमागे एखादी चॉकलेटी, चिकट, घाणेरड्या वासाची असते. ती नेहमीचीच, तिला घाबरू नका.

तिसरं, वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीत बसवून रोज सकाळी त्याच वेळी करा आणि मुलीला वहीत लिहायला सांगा. छातीच्या मधल्या हाडावरूनही बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर आजार नवा आहे. हाड सुरीच्या पात्यासारखं लागत असेल, तर कोंबडी कित्येक आठवड्यांपासून आतून खंगत होती आणि पिसांमुळे कळलं नाही. दुबळा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो, म्हणून कोंबडी शक्य तोवर आजार लपवते. आपल्याला दिसतो तोवर दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं.

हे करता करता तिची शेपटीखालची पिसंही बाजूला करून बघा. मुळाशी पांढरे पुंजके म्हणजे उवांची अंडी. बारीक तांबड्या पिसवा दिवसा दिसत नाहीत, खुराड्याच्या बांबूच्या फटीत दडतात आणि रात्री रक्त पितात. तुरा फिका पडलेली, मरगळलेली कोंबडी पुष्कळदा याच कारणाने तशी झालेली असते. रात्री टॉर्च घेऊन दांडीच्या खालच्या बाजूला बघा. मात्र सापडल्या म्हणून तिला या गारठ्यात अंघोळ घालू नका, करंजेल किंवा खोबरेल चोपडू नका. ओली, तेलकट पिसं फुगत नाहीत, आणि फुगलेल्या पिसांत अडकलेली हवा हीच तिची घोंगडी आहे. उवांचं औषध डॉक्टरांकडून घ्या, खुराड्याला चुना मारा, आणि ती बरी झाल्यावर कोरड्या मातीत राख मिसळून लोळायला जागा करा.

ती अंडी घालत होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पोट घट्ट लागत असेल, शेपटी खालीवर होत असेल, उभी राहून कुंथत असेल, तर अंडं अडकलेलं असू शकतं. कोमट पाण्यात पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसवा आणि मग पूर्ण कोरडी करा, तेवढ्याने कधी सुटतं. नाही सुटलं तर त्याच दिवशी डॉक्टर. दाबून काढायला गेलात तर आत फुटेल. पुढच्यासाठी सांगतो, तिसऱ्या-कालवांचे शिंपले फेकू नका. धुऊन, भाजून, बारीक कुटून वेगळ्या वाटीत ठेवा, ज्या कोंबडीला गरज असते ती आपणहून खाते. नुसती अंडी बंद झाली असतील तर मात्र काळजी नको. या दिवसांत दिवस लहान असतो, पिसं गळून नवी येत असतात, आणि गावठी कोंबड्या तेव्हा विश्रांती घेतात.

मानमोडीबद्दल थोडं. हा राणीखेत रोग. १९२७-२८ च्या सुमारास उत्तराखंडातल्या राणीखेतला आढळला म्हणून आपल्याकडे हे नाव पडलं. मान वाकडी होते, पाय लुळे पडतात, कोंबडी चोच वर करून श्वास ओढते, आणि एकीमागून एक मरतात. विषाणू असल्याने यावर औषध नाही. तुमच्या चार कोंबड्या चांगल्या आहेत, म्हणून मला ही शंका कमी वाटते. पण कवडीला वेगळ्या खोलीत ठेवा, तिचं पाणी-भांडं वेगळं ठेवा, आणि आधी चांगल्या कोंबड्यांचं करून मगच तिच्याकडे जा. लस देण्याची घाई आज नको, आजारी कोंबडीला लस टोचायची नसते. पुढच्या पिल्लांना मात्र पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटा या राणीखेतच्या लसीचा थेंब आणि साधारण आठव्या आठवड्यात टोचायची लस द्या. कुपी एकदा फोडून मिसळली की बर्फावर ठेवूनही दोनेक तासांत संपवावी लागते, आणि एका कुपीत पुष्कळ कोंबड्यांचे डोस असतात. वाडीतल्या सगळ्यांनी एकाच सकाळी कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्याचा माणूस तासाभरात काम उरकतो.

पुढचं काही दिसलं तर वाट बघू नका: तोंड उघडून घरघर श्वास, तुरा निळा-जांभळा, डोळ्याभोवती सूज आणि नाकातून घाण वासाचा शेंबूड, वाकडी मान, ओढत चालणं. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा १९६२ हा फिरत्या पथकाचा क्रमांक. दोन-तीन कोंबड्या अचानक मेल्या, किंवा आवारात कावळे मरून पडलेले दिसले, तर हात न लावता लगेच कळवा. २०२१ च्या जानेवारीत दापोलीच्या मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता, आणि याच महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर दुरून आलेले कुरव उतरलेले असतात. मेलेली कोंबडी व्हाळात किंवा रानात टाकू नका. खोल खड्डा, वर चुना, वर माती.

घरातल्या गोळ्या देऊ नका. माणसांची दुखण्यावरची डायक्लोफेनॅक जनावरांना दिली जायची, त्या जनावरांचं मांस खाऊन देशातली गिधाडं संपत आली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ती बंद करावी लागली. उरलेलं अँटिबायोटिकही नको. डॉक्टरांनी दिलं तर दिवस पूर्ण करा, आणि ते सांगतील तितके दिवस तिची अंडी खाऊ नका.

तुमच्या मुलीला हे तुम्हीच सांगा. ती कवडीची काळजी घेऊ शकते, वजन लिहू शकते, थेंब देऊ शकते. पण रात्री अंथरुणात घ्यायचं नाही, चोचीला तोंड लावायचं नाही, आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे. कोंबडीच्या पोटातले जंतू लहान मुलांना जुलाब-ताप आणतात. आणि हेही सांगा की एवढं करूनही कधी कधी कोंबडी जाते. माझ्या हातून गेल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

ती खाऊ लागली की लगेच खुराड्यात सोडू नका. तीन-चार दिवसांत शेक हळूहळू कमी करा, आधी दिवसाचा, मग रात्रीचा. मग दुपारच्या उन्हात तासभर इतरांसोबत सोडा आणि जवळ बसून राहा, कारण चार-पाच दिवस दूर राहिलेलीला बाकीच्या टोचतात. दरम्यान खुराड्याच्या पूर्वेच्या तोंडाला गोणपाटाचा पडदा लावा. संध्याकाळी सोडायचा, ऊन आल्यावर गुंडाळायचा. वरच्या फटी मात्र उघड्या ठेवा. ऊब राहावी म्हणून सगळं बुजवलं तर शिटेचा अमोनिया आत कोंडतो आणि सगळ्यांचीच छाती धरते. तळाचं ओलं तूस काढून कोरडं घाला.

उद्या सकाळी पिशवी रिकामी होती की भरलेली, शीट कशी होती आणि वजन किती भरलं, एवढं मला कळवा. त्यावरून पुढचं सांगतो.